मशीन शॉपच्या चिप्सपासून काय बनतं, आणि त्याआधी मशिनपाशी काय करावं लागतं

विचारणाऱ्यांचं कोल्हापूरजवळ शिरोलीला मशीन शॉप आहे. सात-आठ सीएनसी (संगणकाने चालणारी मशिन), दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिन). मुख्य काम ग्रे आयर्न (राखाडी बीड) आणि एसजी (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) कास्टिंगचं, थोडं स्टीलचं, आणि गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमचंही. कापताना निघणाऱ्या धातूच्या सगळ्या चिप्स एका ढिगात पडतात, भंगारवाला येतो, ओल्याची घट कापतो आणि म्हणेल तो भाव देतो. त्यांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. चिप्स दाबून वड्या करणारं ब्रिकेटिंग मशीन घ्यावं का? या चिप्सची पावडर करून विकता येईल का? थ्रीडी प्रिंटिंगचं मटेरियल होतं असं ऐकलं, ते खरं का? आणि काँक्रीटमध्ये चिप्स घालून ब्लॉक करता येतील का?

फौंड्री आणि मशीन शॉप अशा दोन्ही बाजूंना माझी नोकरी झाली आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. पण मुद्दा आधीच सांगतो. चिप्सपासून काय बनू शकतं हे भट्टीत ठरत नाही, ते तुमच्या मशिनच्या पायाशी ठरतं. कोणत्या मटेरियलची चिप कोणत्या डब्यात पडली आणि ती किती ओली आहे, या दोन गोष्टी सांभाळल्या तर पुढचे सगळे रस्ते उघडे राहतात. त्या सोडल्या तर जगातलं कुठलंही मशीन आणलं तरी हाती मिक्स भंगारच येईल.

तुमच्याकडे सगळ्यात जास्त निघणार ते बोरिंग, म्हणजे कास्ट आयर्नच्या चिप्स. तिथूनच सुरुवात करू.

बोरिंगला लोक लोखंडाचा चुरा समजतात आणि इथेच त्याचं मोल कमी धरलं जातं. ग्रे आयर्नमध्ये साधारण ३.२ ते ३.५ टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. फौंड्री जेव्हा एक टन सीआरसी (स्टीलच्या पातळ पत्र्याचं) स्क्रॅप चार्ज करते, म्हणजे भट्टीत घालते, तेव्हा त्यात कार्बन जवळजवळ नसतोच. ग्रे आयर्न करायला सुमारे ३३ ते ३५ किलो कार्बन आणि २० किलो सिलिकॉन बाहेरून घालावं लागतं. त्यासाठी लागणारे कार्बुरायझर (कार्बनची भर) आणि फेरोसिलिकॉन (सिलिकॉनची भर) दोन्ही महाग, शिवाय घातलेलं सगळं विरघळत नाही. तुमच्या बोरिंगमध्ये हे दोन्ही आधीच विरघळून बसलेलं आहे. म्हणजे तुम्ही विकता ते केमिस्ट्री जुळवून ठेवलेलं कास्ट आयर्न आहे. ते ज्या फौंड्रीतून आलं त्याच ग्रेडच्या हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या वितळणीत, परत गेलं, तर यापेक्षा चांगला पुनर्वापर मला तरी माहीत नाही.

मग फौंड्रीवाले बोरिंग घ्यायला का कां-कूं करतात? त्यांची कारणं खरी आहेत, ती समजून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की शंभर अंशालाच ती सुमारे १,७०० लिटर जागा मागते, आणि कास्ट आयर्नच्या भट्टीत तापमान चौदाशे-पंधराशे अंश असतं, म्हणजे त्याच्याही कित्येक पट. ओलं बोरिंग वितळलेल्या धातूच्या वर पडलं तर ठिणग्या उडतात. तेच धातूच्या खाली दाबलं गेलं तर भट्टी उसळते. मेल्टिंगवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर लोखंड येतं. म्हणून ओल्या बोरिंगला मेल्टर नको म्हणतो तेव्हा तो बरोबर असतो. त्याला भावात सवलत देऊन पटवायला जाऊ नका.

दुसरं कारण ऑक्सिडेशन. चिप बारीक, तिचा पृष्ठभाग मोठा, कुलंटने (कापताना सोडतात त्या पाणी-तेलाच्या मिश्रणाने) ती दोन दिवसांत तांबूस होते. हा गंज भट्टीत आयर्न ऑक्साइड म्हणून जातो. आपल्याकडे इंडक्शन फर्नेसचं (विजेच्या भट्टीचं) लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, बहुतेक सिलिका रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचं). आयर्न ऑक्साइड आणि सिलिका एकत्र आले की फायालाइट तयार होतं आणि ते सुमारे १,२०० अंशालाच वितळतं. म्हणजे गंजकं बोरिंग लायनिंग खातं. शिवाय हाच ऑक्साइड धातूतला कार्बन, सिलिकॉन आणि मँगनीज जाळतो, त्यामुळे वाचलेलं फेरोसिलिकॉन परत घालावं लागतं. ताजं, कोरडं, राखाडी बोरिंग आणि पावसात पडलेलं लाल बोरिंग यांना एकच भाव मिळणं हे म्हणूनच चुकीचं आहे.

तिसरं कारण मिसळ, आणि तिथे मशीन शॉपचं सरळ उत्तरदायित्व येतं. तीन उदाहरणं देतो.

ग्रे आयर्नमध्ये गंधक ०.०८ ते ०.१ टक्क्यापर्यंत असू शकतं. एसजी करताना बेस आयर्नमध्ये ते ०.०२ च्या खाली हवं, कारण गंधक मॅग्नेशियम खाऊन टाकतं आणि ग्राफाइटचे गोळे नीट होत नाहीत. ग्रे आणि एसजीचं बोरिंग एका ढिगात पडलं की तो ढीग एसजीच्या हीटसाठी बाद झाला.

दुसरं, ईएन-२४ सारख्या स्टीलच्या चिप्स बोरिंगमध्ये मिसळल्या तर क्रोमियम येतं. पातळ सेक्शनच्या कास्टिंगमध्ये कार्बाइड होतात, कडक ठिपके येतात, आणि ते कास्टिंग परत तुमच्याच मशिनवर येऊन तुमचेच इन्सर्ट (टूलला लावायची कार्बाइडची कापणारी टोकं) तोडतं.

तिसरं सर्वांत फसवं. शिसं घातलेल्या फ्री-कटिंग स्टीलच्या, नाहीतर पितळेच्या चार मुठी चिप्स ग्रे आयर्नच्या बोरिंगमध्ये गेल्या, तर शिसं ०.००५ टक्क्याच्या आसपासही ग्राफाइटचा आकार बिघडवतं आणि कास्टिंगची ताकद खाली येते. स्पेक्ट्रोमीटरवर तो आकडा कोणी बघतही नाही. फौंड्रीत आठवडाभर लोक वाळू, इनॉक्युलंट (ग्राफाइट नीट घडावं म्हणून घालायची भर), ओतण्याचं तापमान तपासत बसतात आणि कारण असतं बोरिंगच्या ट्रॉलीत.

म्हणून तुमचं पहिलं काम खर्चाचं नाही. प्रत्येक मशिनला मटेरियलप्रमाणे रंग दिलेली ट्रॉली हवी: ग्रे, एसजी, स्टील, ॲल्युमिनियम. जॉब बदलला की सेटिंगच्या वेळीच चिप कन्व्हेयर आणि टाकी रिकामी करायची. हे सेटिंग शीटवर एक ओळ म्हणून लिहा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टला होत नाही. कापडी हातमोजे, चिंध्या, चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या चिप्सच्या ट्रॉलीत पडू नयेत म्हणून शेजारी वेगळा डबा ठेवा. बोरिंगमध्ये प्लास्टिक निघालं की फौंड्रीचा माणूस पूर्ण गाडीवरच संशय घेतो.

दुसरं काम ओल मोजायचं, आणि ते तुम्ही उद्याच करू शकता. ट्रॉलीच्या वरून, मधून आणि तळातून थोड्या थोड्या चिप्स घेऊन एक किलोचा नमुना करा. पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये पातळ पसरा. मोकळ्या हवेत, इलेक्ट्रिक हॉटप्लेटवर किंवा ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. शेवटचं वजन ८८० ग्रॅम आलं तर १२ टक्के पाणी होतं. तेल यात पूर्ण जात नाही, ते वेगळं. पण पाण्याचा आकडा हाती आला की भंगारवाल्याच्या घटीवर बोलायला तुमच्याकडे कागद असतो. सोबत आणखी एक हिशेब ठेवा. कच्च्या कास्टिंगचं वजन वजा तयार जॉबचं वजन, गुणिले महिन्याचे नग. एवढ्या चिप्स निघायलाच हव्यात. विकल्याचं वजन त्याच्याशी ताडून पाहा. बऱ्याच शॉपमध्ये हे दोन आकडे आजवर कधी शेजारी मांडलेलेच नसतात.

ओल काढायला सेंट्रिफ्यूज मिळतं, चिप रिंगर म्हणतात त्याला. चांगलं चाललं तर उरलेली ओल दोन-तीन टक्क्यांपर्यंत येते. ते परवडत नसेल तर उतार दिलेला जाळीचा तळ असलेली ट्रॉली, खाली टाकी, आणि चोवीस तास निथळणं, एवढ्यानेही मोठा फरक पडतो. निथळलेलं कुलंट गाळून, रिफ्रॅक्टोमीटरवर त्यातलं तेलाचं प्रमाण बघून परत वापरता येतं. एक टन चिप्समध्ये पंधरा टक्के ओल धरली तर दीडशे किलो कुलंट दर टनामागे गेटबाहेर जातं, त्यात सहा-आठ टक्के तुम्ही विकत घेतलेलं तेल असतं. आणि चिप्सवर पत्र्याचं छप्पर हवंच. कोल्हापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला याचं कारण सांगायला नको.

आता ब्रिकेटिंग मशीन. हायड्रॉलिक दाबाने चिप्सची वडी करतात, बाइंडर लागत नाही, आणि दाबताना उरलेलं कुलंटही निघून येतं. फायदा घनतेचा आहे. लांब गुंतलेल्या स्टीलच्या टर्निंगची घनता लिटरला पाव ते अर्धा किलो, सुट्या बोरिंगची दीड-दोन किलोच्या आसपास. ब्रिकेट पाच किलोच्या पुढे जातो. भट्टीत तो बराचसा धातूत बुडून राहतो, सुट्या चुऱ्यासारखा वर पसरून जळत बसत नाही, आणि इंडक्शनलाही नीट पकड मिळते.

पण मशीन घ्यायचं का, हे चिप्सच्या टनांवर ठरतं. ब्रिकेटला सुट्या मालापेक्षा किलोमागे किती जास्त मिळतात, त्यातून वीज, माणूस आणि डायचा खर्च वजा करा, उरेल त्याला महिन्याच्या किलोंनी गुणा. समजा महिन्याला २० टन निघतात आणि निव्वळ फरक किलोमागे दोन रुपये राहिला, तर महिन्याला चाळीस हजार. तुमच्या आठ-दहा मशिन्सवर एवढा माल निघत असेल तर कोटेशन मागवा. नसेल तर शेजारच्या चार-पाच शॉप्सनी मिळून एक मशीन घालणं जास्त शहाणपणाचं. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले या पट्ट्यात फौंड्री आणि मशीन शॉप एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. इतकी जवळीक देशात थोड्याच ठिकाणी आहे आणि ती वापरली जात नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. अट एकच: सामायिक मशिनवर प्रत्येक ग्रेडची पाळी वेगळी, आणि प्रत्येक पाळीला टॅग. मिक्स मालाचा ब्रिकेट केला तर मिसळ कायमची बंदिस्त होते. सुट्या चिप्समध्ये निदान चुंबक फिरवता येतो.

फौंड्रीशी बोलताना सुरुवात चार्जच्या दहा टक्क्यांपासून करा म्हणावं. भट्टीत द्रव धातूचा हील (आधीच्या हीटमधला मुद्दाम राखलेला धातू) असताना, थोडं थोडं, कोरडं. प्रत्येक हीटचा कार्बन, सिलिकॉन आणि स्लॅगचं प्रमाण लिहून ठेवलं की दोन आठवड्यांत दोघांनाही कळतं माल कसा आहे.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी, कारण इथे नुकसानही मोठं आणि कमाईही. एक किलो ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला तर त्याची बाजू सुमारे ७.२ सेंटिमीटरची आणि पूर्ण पृष्ठभाग सुमारे ३१० चौरस सेंटिमीटर. त्याच एक किलोची ०.२ मिलिमीटर जाडीची चिप केली की पृष्ठभाग होतो सुमारे पावणेचार चौरस मीटर. शंभराहून जास्त पट. त्या प्रत्येक इंचावर ऑक्साइडची कातडी असते, आणि ती कातडी भट्टीत वितळत नाही. आत धातू धरून ठेवते आणि ड्रॉस, म्हणजे राखेसारखा मळ, होऊन वर येते. ओल असेल तर आणखी वाईट. ॲल्युमिनियम आणि पाण्याच्या अभिक्रियेचं गणित मांडलं तर वजनाला वजन येतं: एक किलो पाणी पूर्ण लागू पडलं तर एक किलो ॲल्युमिनियम ऑक्साइड होऊन जातं आणि वर बाराशे लिटरपेक्षा जास्त हायड्रोजन सुटतो. प्रत्यक्षात बहुतेक पाणी आधीच उडून जातं, पण जेवढं राहतं तेवढं धातू खातं, कास्टिंगमध्ये पिनहोल आणतं, आणि बंद डब्यात साठवलेल्या ओल्या चिप्समध्येही हळूहळू हायड्रोजन जमवतं. ॲल्युमिनियमच्या ओल्या चिप्स झाकणबंद ड्रममध्ये ठेवू नका. जाळीचं झाकण, हवेशीर जागा.

रिकव्हरी स्वतः बघायची असेल तर ओळखीच्या डायकास्टिंगवाल्याकडे एक चाचणी करा. पूर्ण वाळवलेल्या दोन किलो चिप्स घट्ट दाबून घ्या. क्रूसिबलमध्ये आधी थोडं वितळलेलं ॲल्युमिनियम ठेवा, त्याचं वजन लिहून. चिप्स वर टाकू नका, प्लंजरने खाली बुडवा, कव्हर फ्लक्स घाला, ढवळा, ड्रॉस काढा, ओता. मिळालेल्या धातूतून आधीचा वजा केला की खरी रिकव्हरी. तुमच्या मालाचा हा आकडा हाती असणं कुठल्याही ब्रोशरपेक्षा मोलाचं आहे. बुडवून वितळवणं आणि पसरून वितळवणं यातला फरक डोळ्यांनी दिसतो: पहिल्यात वर राखाडी थर येतो, दुसऱ्यात लाल निखाऱ्यासारखा जळणारा ढीग.

वितळलेल्या ॲल्युमिनियमचं पुढे काय होतं? बहुतेक चिप्स दुय्यम स्मेल्टरकडे जाऊन एडीसी-१२ होतात, म्हणजे डायकास्टिंगचं ते नेहमीचं मिश्रधातू. त्यात सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के, तांबं १.५ ते ३.५ टक्के, लोखंड १.३ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणून त्यात जवळजवळ सगळं खपतं. पण तुमच्या व्हीएमसीवर ६०६१ ग्रेडचं ॲल्युमिनियम चालत असेल तर त्याच्या स्वच्छ चिप्स एडीसी-१२ मध्ये घालवणं म्हणजे चांगला माल खालच्या दर्जात ढकलणं. उलटा रस्ता नाही. ॲल्युमिनियममध्ये एकदा लोखंड शिरलं की ते स्वस्तात काढता येत नाही. सुयांसारखे ठिसूळ स्फटिक करून बसतं. म्हणून व्हीएमसीवर आज स्टील, उद्या ॲल्युमिनियम असं चालत असेल तर चिप्सवरून चुंबक फिरवणं सक्तीचं करा. ७०७५ ग्रेड वेगळं ठेवा, कारण त्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त. आणखी एक गिऱ्हाईक आहे: पोलाद कारखाने द्रव पोलादातला ऑक्सिजन मारायला ॲल्युमिनियमचे क्यूब, शॉट, नॉच बार वापरतात. तिथे मिश्रधातूची काटेकोर अट नसते, शुद्धतेची मात्र असते.

नव्याने ॲल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत ते परत वितळतं, हे सगळ्यांना पाठ आहे. कमी लोकांना माहीत आहे की न वितळवताही होतं. मॅक्स स्टर्न याने १९४५ साली अमेरिकेत पेटंट घेतलं: ॲल्युमिनियमचा स्क्रॅप दाबायचा, तापवायचा, आणि वितळवण्याऐवजी सरळ एक्स्ट्रूजन प्रेसमधून काढायचा. पाचशे अंशांच्या आसपास प्रचंड दाबाखाली चिप्स ताणल्या जातात, ऑक्साइडची कातडी फाटते, आतला उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो आणि सलग प्रोफाइल बाहेर येतं. ड्रॉस नाही, मेल्टिंग लॉस नाही. जर्मनीत डॉर्टमुंडच्या तंत्र विद्यापीठात एर्मान तेक्काया यांच्या गटाने यावर पुष्कळ काम केलं आहे. मला हा विषय फार आवडतो, आणि ज्याच्याकडे एक्स्ट्रूजन प्रेस आणि एकाच ग्रेडच्या स्वच्छ चिप्स दोन्ही आहेत त्याने तो जरूर करून बघावा. अडचण नेहमीचीच: तेलाचा थेंब राहिला तर चिकटणं होत नाही, प्रोफाइलवर फोड येतात. तुमच्यासाठी हा आजचा रस्ता नाही, पण चिप्स स्वच्छ ठेवण्याचं आणखी एक कारण नक्कीच आहे.

पावडर विकता येईल का, याचं उत्तर बोरिंगपुरतं हो आहे, आणि हा बाजार तुमच्या कल्पनेपेक्षा जुना आहे. आंत्वान बेशां याने १८५४ मध्ये दाखवलं की लोखंडाचा चुरा आणि आम्ल यांनी नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन होतं. रंगांच्या कारखानदारीचा हा एक पाया. या अभिक्रियेला कास्ट आयर्नचा चुरा चांगला मानवतो. पुढे १९२५ च्या सुमारास जर्मनीतल्या लाउक्स प्रक्रियेने त्याच अभिक्रियेतून उरणारा आयर्न ऑक्साइड असा घडवला की तो थेट रंगद्रव्य म्हणून विकता यावा: पिवळा, लाल, काळा. पेव्हर ब्लॉकमध्ये, प्लास्टरमध्ये, प्रायमरमध्ये जे आयर्न ऑक्साइडचे रंग दिसतात, त्यांचं एक मूळ लेथखालच्या बोरिंगमध्ये आहे. मला यापेक्षा सुंदर पुनर्वापराचं उदाहरण सुचत नाही.

आपल्याकडे बोरिंग वाळवून, दळून, चाळून केलेली सीआय पावडर रंग-मध्यस्थ रसायनं बनवणाऱ्यांना जाते, विशेषतः वापी-अंकलेश्वरच्या पट्ट्यात. ती मेशच्या, म्हणजे चाळणीच्या मापाच्या, ग्रेडने विकली जाते. तेल चालत नाही, कारण बॅचमध्ये फेस येतो आणि रंग मळतो. तिथेही हवा बदलते आहे: लोखंडाने रिडक्शन केलं की आम्लयुक्त लोखंडी गाळाचे ढीग उरतात, म्हणून अनेक कारखाने हायड्रोजनवर वळत आहेत. स्वतः पावडर प्लांट घालायचा विचार असेल तर आधी दोन गिऱ्हाइकांकडून लेखी मागणी घ्या. आणि ॲल्युमिनियमची पावडर आपल्या शेडमध्ये दळायच्या फंदात अजिबात पडू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली आणि ठिणगी पडली की स्फोट होतो.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल ऐकलं ते खरं आहे, पण ते तुमच्या मालाबद्दल नव्हे. लेझर प्रिंटरला साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे, गोल, सहज वाहणारे कण लागतात. चिप दळली तर कण वाकडेतिकडे, खरखरीत होतात. थर नीट पसरत नाही. अमेरिकेत मायक्रोवेव्ह प्लाझ्मातून चिप्सचे दळलेले कण सोडून त्यांना गोल करणारे कारखाने चालू आहेत. पण ते काम टायटॅनियम, निकेलचे सुपरॲलॉय अशा धातूंवर परवडतं, जिथे विमानाच्या भागासाठी घेतलेल्या ठोकळ्याचा मोठा हिस्सा चिप्स होऊन पडतो. खुद्द टायटॅनियमच्या बऱ्याच चिप्स ऑक्सिजन जास्त झाल्यामुळे फेरोटायटॅनियम होऊन पोलादात जातात. ग्रे आयर्नच्या चिप्सवर एवढी प्रक्रिया करणं म्हणजे पैसा जाळणं.

काँक्रीटचं सरळ सांगतो. मी सुचवणार नाही. तेलकट चिपला सिमेंट धरत नाही, बारीक चिप ओलीत गंजते, गंज फुगतो, ब्लॉकला तडे जातात आणि वर डाग येतात. जड काँक्रीट लागतं तिथे, म्हणजे काउंटरवेट किंवा किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंतीत, लोखंडाचे पंचिंगचे तुकडे आणि शॉट वापरतात; ते गुळगुळीत, स्वच्छ आणि एकाच मापाचे असतात. बोरिंग त्या जागी बसत नाही. आणि फौंड्रीला सोन्यासारखा माल ब्लॉकमध्ये कायमचा गाडून टाकायचा कशाला?

स्टीलच्या टर्निंगचं, म्हणजे लेथवर निघणाऱ्या स्टीलच्या चिप्सचं, थोडक्यात. ती शेवटी बहुतेक जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन फर्नेसमध्ये जाते आणि तिची सळई होते. इंडक्शनमध्ये गंधक-फॉस्फरस फारसे कमी करता येत नाहीत. आयएस १७८६ प्रमाणे फे-५०० डी सळईत दोन्ही प्रत्येकी ०.०४० टक्क्याच्या आत हवेत, आणि ईएन-१ए सारख्या फ्री-कटिंग स्टीलमध्ये गंधकच ०.२ ते ०.३ टक्के असतं. तेव्हा ईएन-१ए ची टर्निंग वेगळी ठेवा. लांब कुरळी टर्निंग निघत असेल तर आधी इन्सर्टचा चिप ब्रेकर आणि फीड बघा. चिप तुटली की निथळतेही चांगली, ट्रॉलीत मावतेही जास्त, आणि हेल्परचे हातही वाचतात.

पितळ तुमच्याकडे नाही, पण जामनगरकडे बघण्यासारखं आहे. तिथे पितळी पार्ट्स करताना रॉडचा मोठा भाग चिप्स होतो, त्या परत वितळतात, परत रॉड होतात, आणि हे सगळं एकाच गावात. जस्त ९०७ अंशाला उकळतं म्हणून तिथले लोक भट्टीचं तापमान आणि झाकण जिवापाड जपतात. चिप्सचा भाव रॉडच्या भावाशी जोडून सौदा ठरतो. शिरोलीत बोरिंगचा भाव सीआरसी आणि पिग आयर्नच्या भावाशी जोडून ठरायला काय हरकत आहे?

कार्बाइड इन्सर्ट! प्रश्नात त्यांचा उल्लेख नव्हता म्हणून मुद्दाम काढतो. झिजलेले इन्सर्ट आणि तुटलेले कार्बाइड ड्रिल लोखंडाच्या चिप्समध्ये टाकणारी शॉप्स अजून आहेत. टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने ९४ टक्के टंगस्टन असतं. खाणीतल्या खडकात ते बहुधा एक टक्क्याच्याही खाली. आपल्या देशात राजस्थानातली देगाणा खाण बंद पडल्यानंतर टंगस्टन जवळजवळ सगळं आयात होतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. जुने इन्सर्ट वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरून इन्सर्ट फुगवतं, मग निर्वातात जस्त उडवून लावलं की मागे उरतो तो कार्बाइड आणि कोबाल्टचा भुसभुशीत माल, जो दळून परत इन्सर्ट करता येतो. दुसरी पद्धत रासायनिक, तिच्यात टंगस्टनचं पुन्हा मूळ लवण करतात. प्रत्येक मशिनवर झाकणाचा एक छोटा डबा ठेवा, महिन्याच्या शेवटी वजन करा, आणि टूल कंपन्यांच्या बाय-बॅकचा भाव व भंगाराचा भाव दोन्ही मागवा.

ग्राइंडिंगचा गाळ वेगळाच विषय. त्यात धातू, चाकाचे दाणे आणि तेल असं तिन्ही असतं. चिप्समध्ये तो कधीच मिसळू नका. मोठ्या बेअरिंग कारखान्यांचा गाळ दाबून पोलादाच्या भट्टीत वापरता येतो. सिमेंट भट्टीलाही लोखंडाचा अंश हवा असतो, त्यामुळे परवानगीने तिथे सहप्रक्रिया होते. हे जुळत नसेल तर रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे तो रीतसर जायला हवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तेलकट अवशेष येतात, साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकारपत्रं असलेल्यालाच माल द्यायचा. भंगार विक्रीत १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीचे नियमही बदलले आहेत: अनोंदणीकृत विक्रेत्याकडून नोंदणीकृत खरेदीदाराने घेतलं तर कर खरेदीदार भरतो, आणि दोघेही नोंदणीकृत असतील तर अडीच लाखांवरच्या सौद्यात दोन टक्के टीडीएस. तुमच्या सीएला दाखवून बिलाचा नमुना पक्का करून घ्या.

आगीबद्दल दोन ओळी. तेलकट बोरिंगचा मोठा ढीग आतून आपोआप तापतो. जहाजवाहतुकीत लोखंडाच्या चिप्स स्वतःहून तापणाऱ्या मालात, वर्ग ४.२ मध्ये, यूएन २७९३ क्रमांकाने मोडतात, ते याचसाठी. ढीग उंच करू नका, वाफ किंवा वास आला तर उपसून पसरा. मॅग्नेशियमचं काम कधी आलं तर त्याच्या चिप्सवर पाणी मारायचं नाही, डी वर्गाची पावडर किंवा कोरडी वाळू जवळ हवी.

आता तुमच्या जागी मी काय करेन ते क्रमाने. या महिन्यात ट्रॉल्या रंगवून ग्रेड वेगळे, कार्बाइडचे डबे, शेडला छप्पर. पुढच्या महिन्यात दर आठवड्याला ओलीची चाचणी आणि वजनांचा ताळा, मशिनगणिक. तिसऱ्या महिन्यात तुमच्या कास्टिंग पुरवणाऱ्या फौंड्रीकडे ग्रे बोरिंगचं एकच स्वच्छ लॉट घेऊन जा, सोबत ओलीचा आकडा, आणि पैशांऐवजी वजनाला वजन बोला: इतके किलो बोरिंग दिलं, कास्टिंगच्या बिलात इतके कमी. जॉबवर्कवाल्यांना रोख भंगारापेक्षा हा सौदा बहुतेक वेळा जास्त फळतो, आणि फौंड्रीलाही माल कुठून आला हे माहीत राहतं. ॲल्युमिनियमच्या चिप्सची रिकव्हरी चाचणी त्याच दरम्यान करून घ्या. ब्रिकेटिंगचं कोटेशन त्यानंतर, हातात तीन महिन्यांचे टन आणि ओलीचे आकडे असताना मागवा. मशीनवाला डेमो द्यायला येईल तेव्हा त्याच्या नमुन्याच्या चिप्स नकोत, तुमच्याच ट्रॉलीतलं, दुसऱ्या शिफ्टचं, पावसाळ्यातलं बोरिंग दाबून दाखव म्हणावं.